व्हर्ला पंगतीला बसली

आमच्या शेफर्स कॉर्नर गावात कोणी गेलं की पहिला फोन चर्चच्या पाळकांना जातो आणि दुसरा व्हर्ला ओबरमायरला. घाईगडबडीत हा क्रम कधी उलटाही झालेला आहे. व्हर्ला फोनवर "अरेरे" म्हणायची, मनापासून म्हणायची, आणि तिसऱ्या वाक्याला विचारायची, "किती माणसं धरू?" गेलेल्याला नेमकं काय झालं होतं याची चौकशी ती मागाहून करी. मेलेल्याला घाई नसते, जेवणाऱ्यांना असते, असं तिचं साधं गणित होतं.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण, ही इथली रीत. जेवण म्हणजे मऊ पावात घातलेलं चिकन. डब्यातलं चिकन, डब्यातलंच घट्ट सूप, चुरलेली खारी बिस्किटं आणि वरून मिरपूड, एवढं सगळं विजेवर चालणाऱ्या स्लो कुकरमध्ये घालायचं आणि सकाळी सातला कुकर मंद आचेवर ठेवून द्यायचा. बाराला चिकनचे तंतू सुटून ते खिरीसारखं दाट होतं, मग आइस्क्रीमच्या डावाने पावात एक-एक गोळा. दिसायला राखाडी. बाहेरचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचं तोंड जरा वाकडं होतं, आणि तिसऱ्या पावाला तोच माणूस विचारतो, अजून आहे का. ओहायोचा आमचा हा कोपरा सोडला तर हे चिकन कोणाला फारसं ठाऊक नाही, आणि आमचंही कोणाला सांगायला अडलेलं नाही.

चाळीस वर्षं हे खातं व्हर्लाकडे होतं. पंचाहत्तरी आली तरी तिची चाल तुरुतुरु आणि जीभ त्याहून. चर्चच्या तळघरातल्या कपाटात चिकनच्या मोठ्या डब्यांच्या तीन फळ्या कायम भरलेल्या असत. दर शरदात एका रविवारी प्रत्येक घराने एक-एक डबा आणून ठेवायचा, हा नियम तिनेच पाडला होता. आणला नाही तर ती बोलायची नाही, पण पुढच्या जेवणात त्या माणसाच्या पावावरचा गोळा जरा लहान पडायचा.

दोन वर्षांपूर्वी केंड्रा या जेवण रांधणाऱ्या बायकांच्या मंडळात आली. चाळिशीची, हसरी, कामाला वाघ, आणि डोक्यात रोज नवं काहीतरी. एकदा डबे लावता लावता ती म्हणाली, "व्हर्ला, ताजं चिकन आणून आपणच का नाही उकडत? चवीला किती फरक पडेल."

"पडेल ना," व्हर्ला म्हणाली. "मंगळवारी संध्याकाळी कोणी गेलं आणि गुरुवारी सकाळी दफन असलं, तर मधल्या बुधवारी तू सव्वाशे माणसांची कोंबडी उकडणार, सोलणार, हाडं काढणार. तुझी मुलं कोण सांभाळणार, मी?"

"तसं नाही, पण..."

"मरण फोन करून येत नाही, बाई. डबा तयार असतो."

केंड्रा हसली. व्हर्लाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

या सगळ्यात व्हर्लाचा नवरा विल्मर हा डबे उघडणारा. चाळीस वर्षं वीज सहकारी संस्थेत लाइनमन म्हणून खांबांवर चढला, निवृत्त झाल्यावर घरच्या टेबलाशी बसून डबे उघडू लागला. हाताने फिरवायचा जुना ओपनर, मांडीवर फडकं, पायाशी मांजर. डब्यातलं पाणी मांजराच्या वाट्याचं. व्हर्लाला तो स्वयंपाकघरात "बॉस" म्हणायचा आणि बाहेर "व्हर्ल".

विल्मर मितभाषी होता, पण त्याला चिठ्ठ्या लिहायची खोड होती. कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडायचा, त्यावर जाड पेनाने दोन शब्द लिहायचे आणि कुठेतरी चिकटवायचे. खोड चांगली, जागा मात्र हमखास चुकीची. "दूध नासलंय" ही चिठ्ठी दुधाच्या बाटलीच्या बुडाला. "पायरी मोडकी आहे" ही त्या मोडक्या पायरीच्या खालच्या बाजूला, म्हणजे पडल्यावर वाचायला. एकदा व्हर्लाची गाडी भर रस्त्यात बंद पडली, तिने पुढचं झाकण उघडलं, तर आत इंजिनावर चिकटपट्टी: "तेल घालायला सांगितलं होतं."

"नुकसान झाल्याशिवाय तुझी चिठ्ठी सापडत नाही," ती त्याला म्हणायची.

"नुकसान झाल्याशिवाय तू वाचतेस कुठे," तो म्हणायचा.

आता तळघरातल्या विजेबद्दल थोडं सांगायला हवं. चर्च जुनं, तळघर त्याहून जुनं वाटणारं. आठ स्लो कुकर एकदम चालवायचे तर एका वायरीवर दोनच चालतात, तिसरा लावला की खटका पडतो आणि वीज जाते. कोणतं बोर्ड कोणत्या वायरीवर आहे याचा नकाशा फक्त व्हर्लाच्या डोक्यात. म्हणून तिचे कुकर तळघरभर विखुरलेले असत. दोन मोरीजवळ, दोन जिन्याखाली, दोन पियानोच्या मागे आणि दोन लहान मुलांच्या बायबलवर्गात, खडूंच्या डब्याशेजारी. नवख्याला वाटायचं, बाई विसरभोळी आहे, दिसेल तिथे भांडी ठेवते.

विल्मरने एकदा सुचवलं होतं. "बोर्डांना रंग लावून देऊ का? लाल, निळा, पिवळा. कोणीही बघेल आणि समजेल."

"काही नको. ज्यांना हवंय त्यांनी विचारावं."

"कोणी विचारत नाही, कारण तू सांगत नाहीस."

"मी सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही."

विल्मरने पुढचा डबा घेतला. बायको खरं कारण सांगत नाहीये, हे त्याला कळत होतं. नकाशा भिंतीवर आला की व्हर्लाची गरज निम्मी संपली. एवढ्या वर्षांत मिळवलेली ती एकच गादी होती आणि तिच्यावरून उठायची तिची तयारी नव्हती. माणसं राजवाड्यांसाठी भांडतात, व्हर्लाचं राज्य आठ बोर्डांचं होतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी विल्मरच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगून टाकलं. पानं गळेपर्यंत काढेल, असा अंदाज. त्या आठवड्यात गावात दुसऱ्याच कोणाचं दफन होतं, म्हणून टेबलावर दहा डबे मांडलेले होते. तिसरा डबा उघडून झाल्यावर विल्मर थांबला.

"व्हर्ल, तू गरम सँडविच शेवटचं कधी खाल्लंस?"

"कसलं?"

"हेच. चर्चमधलं. मी चाळीस वर्षं बघतोय. सगळ्यांचं झाल्यावर तू कुकरच्या कडा खरवडतेस आणि उभ्याउभ्या गार गोळा खातेस. आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही मोरीजवळ उभी होतीस."

"लोकांना वाढायचं कोणी मग?"

"माझ्या वेळेला तू बसायचं." त्याने ओपनर खाली ठेवला. "घरच्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ही रीत आहे ना? तू इतरांच्या बायकांना खांदे धरधरून बसवलं आहेस. तर माझ्या जेवणाला तू बसायचं, कोणीतरी तुला वाढायचं आणि तू ते गरम असताना खायचंस. वचन दे."

"विल्मर, डबे उघड."

"वचन दे, मग उघडतो."

तिने वचन दिलं. दिलं आणि उठून नळ सोडला, कारण नळाच्या आवाजात नाक ओढलेलं ऐकू येत नाही.

विल्मर ऑक्टोबरमध्ये गेला, मक्याची काढणी ऐन भरात असताना, दुपारच्या झोपेत. फोनचा क्रम या वेळी बिघडला, कारण दुसरा फोन कुणाला करायचा हे कोणालाच सुचेना. शेवटी व्हर्लानेच केंड्राला केला.

"केंड्रा, विल्मर गेला."

"अरे देवा. व्हर्ला..."

"शुक्रवारी अकराला. दोनशे धर. वीज संस्थेची माणसं येतील, ती दोन-दोन खातात."

"तुम्ही कसलीच काळजी करू नका. आम्ही सगळं बघतो. तुम्ही फक्त बसा."

या वेळी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: एका वायरीवर दोनच. व्हर्लाच्या ओठांवर ते आलंही. पण तिच्या मनात आलं, विचारू दे की. एवढी हौस आहे तर विचारेल. केंड्राने विचारलं नाही आणि व्हर्लाने सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मांजर पायाशी येऊन बसलं आणि टेबलाकडे बघत राहिलं. तेव्हा मात्र व्हर्लाला विजेबिजेची आठवण उरली नाही.

शुक्रवारी सकाळी केंड्रा साडेसहालाच तळघरात हजर. तिच्या बरोबरच्या बायकांनी विचारलं, कुकर कुठे ठेवायचे, नेहमीसारखे? केंड्राने बायबलवर्गातल्या खडूंच्या डब्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, आज तरी या माणसासाठी जरा नीटनेटकं करू. तिने एक लांब टेबल भिंतीला लावलं, त्यावर पांढरा कपडा घातला, आठही कुकर एका ओळीत मांडले, एक लांब एक्स्टेन्शन आणलं आणि सगळे प्लग त्यात खोचले. दिसायला इतकं सुंदर दिसलं की एका बाईने फोटो काढला. पाच-दहा मिनिटांत जिन्यामागच्या पेटीतला खटका पडला. पडला तो आवाज न करता. दिव्यांची वायर वेगळी, त्यामुळे दिवे जळत राहिले.

आणि कोणी झाकण उचलून बघितलंही नाही. का, तर व्हर्लाचा कायदा. "झाकण उचललंस की अर्धा तास गेला," हे तिने चाळीस वर्षं इतक्यांना इतक्या वेळा सुनावलं होतं की त्या दिवशी आठ कुकरांपाशी पाच बायका साडेतीन तास वावरल्या आणि एकीचाही हात झाकणाकडे गेला नाही. आज्ञाधारकपणाला पण काही मर्यादा हवी.

अकराला वर चर्च गच्च भरलं. व्हर्ला पहिल्या बाकावर, डाव्या हाताला मुलगी जोलीन, उजव्या हाताला विल्मरची थोरली बहीण इर्मा, वय चौऱ्याऐंशी, कान निम्मे, तोंड पूर्ण. समोर शवपेटी. पहिलं गीत झालं. व्हर्ला ताठ बसली होती. आपण बरं निभावतोय असं तिला वाटत होतं.

त्या चर्चमध्ये पहिल्या बाकाच्या पायाशी जमिनीत एक लोखंडी जाळी आहे. खालची ऊब वर येण्यासाठी बसवलेली. उबेबरोबर वासही येतो. कोणाचंही दफन असो, दुसऱ्या गीताच्या सुमारास चिकनचा वास त्या जाळीतून वर येतो, आणि मग चर्चभर एक प्रकारची हालचाल होते. आमचे पाळक म्हणजे भला माणूस, पण त्यांच्या उपदेशाला शेवट सापडत नाही. चाळीस वर्षांत तीन पाळक बदलले आणि तिघांनीही तोच उपाय काढला: वास आला की आमेनकडे वळायचं. हे कोणी बोलून दाखवत नाही. पण सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं गीत सुरू झालं. व्हर्लाने सवयीने श्वास घेतला. काही नाही. मेणबत्त्या, फुलं आणि इर्माची थंडीवरची मलमं, एवढंच. तिने पुन्हा, जरा जोरात, नाक ओढलं.

मागच्या बाकावरून एक रुमाल पुढे आला.

व्हर्लाने तो मांडीवर ठेवला आणि जरा वाकून जाळीच्या दिशेने नाक ओढलं. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बिचारी." आणखी दोन रुमाल आले. जोलीनने तिचा हात घट्ट धरला. "मॉम, रडून घे," ती कुजबुजली.

"मी रडत नाहीये."

"असू दे."

"जोलीन, तुला वास येतोय का?"

"फुलांचा? हो, छान आहे."

व्हर्लाला सगळं लख्ख कळलं. टेबल, पांढरा कपडा, ओळीत मांडलेले कुकर, तिने ते न बघताच बघितले. पडलेला खटका पण दिसला. आत्ता, या क्षणी, ती उठून बाजूच्या दाराने खाली गेली तर चार मिनिटांचं काम. ती बाकावरून अर्धी उठलीही. जोलीनने दुसरा हात तिच्या खांद्यावर टाकला, आणि समोर शवपेटी होती, आणि वचन वचन असतं. ती खाली बसली. आयुष्यात तिला इतकं जड बसणं कधीच झालं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला गुदगुल्याही झाल्या. होऊ दे फजिती, कळू दे कोणाच्या जिवावर चाललं होतं. पण ते सुख मिनिटभरही टिकलं नाही. दोनशे माणसं शेतातली कामं टाकून आली होती, विल्मरसाठी. त्यांना गार चिकन मिळणार, आणि ते मिळणार ते तिच्या एका न बोललेल्या वाक्यामुळे. विल्मरच्या दिवसाची माती केली तर आपण केली, केंड्राने नाही. हे तिला शवपेटीसमोर बसून कबूल करावं लागलं. लाज वाटली, आणि ती लाज कोणाला सांगता येईना.

पाळकांचा उपदेश सुरू झाला. विल्मर कसा वादळात खांबांवर चढायचा, घराघरांत उजेड आणायचा. मग प्रकाशाबद्दल सर्वसाधारण. मग सृष्टी घडवताना देवाने पहिल्या दिवशी केलेला प्रकाश. पाळक मधूनमधून जाळीकडे बघत होते. वास येईना. ते दुसऱ्या दिवसावर गेले. मग तिसऱ्या. समुद्र, झाडं, मग पाचव्या दिवसाचे मासे. पंचवीस मिनिटं झाली, चाळीस झाली. काढणी थांबवून आलेली माणसं घड्याळं बघू लागली.

"हा माणूस थांबत का नाही?" इर्मा म्हणाली. तिला वाटलं आपण कुजबुजतोय, पण ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पाळकांनी तिथेच आमेन म्हटलं.

चर्चच्या मागेच दफनभूमी. तिथलं उरकून मंडळी तळघरात उतरली तेव्हा व्हर्लाला मधल्या टेबलाशी, घरच्यांच्या जागी बसवलं. तिने बसायच्या आधी एकदाच भिंतीकडे बघितलं. लांब टेबल, पांढरा कपडा, एका ओळीत आठ. हुबेहूब.

स्वयंपाकघराच्या दारातून केंड्रा आली. चेहरा पांढराफटक, हातात आइस्क्रीमचा डाव. ती व्हर्लाजवळ गुडघ्यावर बसली.

"व्हर्ला, तुम्हाला आज त्रास द्यायला नको होता, पण... चिकन गार आहे. आठही. मी आत्ता झाकण उचललं. फ्रिजमधून काढल्यासारखं आहे." तिचे डोळे भरले. "मी तुमच्या विल्मरच्या जेवणाचा विचका केला."

व्हर्लाचे पाय जमिनीवर घट्ट रोवलेले होते. उठायला फक्त एक धक्का पुरला असता.

"तू नाही केलास. मी केला," ती म्हणाली. "एका वायरीवर दोनच चालतात. मला चाळीस वर्षं माहीत आहे आणि मी तुला सांगितलं नाही. मुद्दामच म्हण हवं तर."

केंड्रा तिच्याकडे बघत राहिली. "मुद्दाम?"

"भांडायचं असेल तर सोमवारी भांडू. आत्ता जिन्यामागे जा. नाताळच्या देखाव्यातला लाकडी उंट आहे ना, त्याच्या मागे खटक्यांची पेटी आहे. पडलेला असेल तो वर कर. जा."

केंड्रा धावली. उंट बाजूला ओढल्याचा आवाज आला, पेटीचं पत्र्याचं दार करकरलं, आणि मग काहीच आवाज नाही. बराच वेळ नाही. मग केंड्रा परत आली, हळूहळू चालत, आणि तिच्या बोटांच्या टोकांना कागदी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा लटकत होता.

"हे दाराच्या आतल्या बाजूला होतं," ती म्हणाली आणि तो व्हर्लासमोर टेबलावर चिकटवला.

जाड पेन, मोठी अक्षरं, मार्चपासून जरा थरथरू लागलेली:

एका वायरीवर दोनच.
बॉसला उठवू नका.
— वि.

व्हर्लाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. कधी आला असेल हा इथे? उन्हाळ्यात एकदा "चर्चचं गवत बघून येतो" म्हणून गेला होता आणि धापा टाकत परतला होता, तेव्हाच. नाकाचा शेंडा लाल झालेला, पायावर धूळ, आणि म्हणाला होता, गवत ठीक आहे.

"नुकसान झाल्याशिवाय म्हणून याची चिठ्ठी सापडायची नाही," व्हर्ला म्हणाली आणि हसू लागली. केंड्रा पण रडता रडता हसू लागली. इर्माने "काय आहे, काय आहे" करत चष्मा शोधला, वाचलं आणि म्हणाली, "याचं अक्षर लहानपणापासून वाईट."

हसू आवरल्यावर व्हर्ला सरळ झाली. खुर्ची सोडली नाही, पण आवाज नेहमीचा लागला.

"ऐक. कुकरवर आता दोन तास लागतील, तेवढा वेळ नाही. गॅसवर चार मोठी पातेली चढवा, सगळं त्यात ओता. पण बिस्किटांचा चुरा आहे, बुडाला धरतो, हात एक क्षण थांबता कामा नये. बायकांना वाढायचं आहे. ढवळायला खांदेकरी घ्या. सहा धट्टेकट्टे पुरुष रिकामे उभे आहेत, हात कशाला दिलेत त्यांना. आणि लोकांना तोवर ॲपल पाय वाढा."

"पाय? आधी गोड?"

"विल्मर कायम आधी पाय खायचा. मी ओरडायचे म्हणून चोरून खायचा. आज उघड खा म्हणावं."

आणि तसंच झालं. आमच्या गावात दफनाच्या जेवणाला आधी सफरचंदाचा पाय वाढला गेला, हे त्या दिवशी पहिल्यांदा. स्वयंपाकघरात वीज संस्थेची सहा माणसं, टाय खांद्यावरून मागे टाकलेले, लाकडी डाव घेऊन पातेल्यांशी उभी, आणि केंड्रा त्यांच्यावर डाफरत होती, "तळापासून, तळापासून." तिच्या आवाजात व्हर्लाला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

एरवी असं जेवण पाऊण तासात आटपतं. माणसं खातात, घरच्यांचा हात हातात घेतात आणि शेताकडे पळतात. त्या दिवशी चिकन गरम होईपर्यंत कोणाला हलता येईना, आणि हात रिकामे असले की तोंडं सुटतात. एका म्हाताऱ्याने सांगितलं, विल्मर बर्फाच्या वादळात त्याच्या अंगणातल्या खांबावर चढला आणि वरून ओरडला, खाली कॉफी ठेव, मी चार तासांनी येतो. कोणी सांगितलं, आपल्या गोठ्यातल्या मोटारीवर विल्मरची चिठ्ठी निघाली, मोटार जळाल्यावर. मग प्रत्येकाकडून चिठ्ठ्या निघू लागल्या. व्हर्लाला वाटायचं, ही खोड आपल्या घरापुरती. आता कळलं, अख्ख्या तालुक्यात त्याने चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या, आणि सगळ्या उशिरा सापडणाऱ्या. चाळीस वर्षं ती मोरीजवळ होती. टेबलांवर लोक काय बोलतात, हे तिने आज पहिल्यांदा बसून ऐकलं.

सव्वा वाजता वास आला. आधी बारीक, मग तळघरभर. पाळकांनी सवयीने "आमेन" म्हटलं आणि स्वतःच लाजले.

पहिली ताटली केंड्राने स्वतः आणली. दोन्ही हातांनी धरून, जशी देवळात न्यावी तशी. कागदी ताटली, मऊ पाव, आत राखाडी गोळा, पावाच्या कडेतून वाफ निघणारी. तिने ती चिकटपट्टीच्या शेजारी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"खा ना," जोलीन म्हणाली.

व्हर्लाने सँडविच उचललं. बोटांना चटका बसला. तिने पहिला घास घेतला आणि चघळत राहिली. बुडाला जरासं लागलं होतं, कोणत्यातरी खांदेकऱ्याचा हात थांबला होता. मिरपूड कमी होती. दुसरा कोणता दिवस असता तर या दोन्ही गोष्टी गावभर झाल्या असत्या.

"कसं झालंय?" केंड्राने विचारलं.

व्हर्लाने घास गिळला.

"गरम आहे," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. मार्चपासून साठवलेलं सगळं त्या एका शब्दाबरोबर आलं. तिला विल्मर हवा होता, शेजारच्या खुर्चीत, तोंडाला पायचा चुरा लागलेला. तो नव्हता, आणि त्याने सांगितलेलं गरम सँडविच हातात होतं. या वेळी मात्र कोणी रुमाल पुढे केला नाही. ताटल्या सगळीकडे पोचल्या होत्या आणि दोनशे माणसं खाली मान घालून खात होती.

व्हर्लाने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि सँडविच गार व्हायच्या आत संपवलं.